ज्युरीने काय ऐकायचं आणि कधी ऐकायचं: जॉर्जियाचा नवा नुकसानभरपाई कायदा, साध्या मराठीत

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या आसपास गाडी चालवणाऱ्या कोणालाही विचारा, हायवेवरच्या होर्डिंगांवर सगळ्यात जास्त चेहरे कोणाचे दिसतात, तर वकिलांचे. सूटबूट, हाताची घडी, खाली भला मोठा फोन नंबर, ट्रकने ठोकलं का, दुकानात घसरून पडलात का, आम्हाला फोन करा, जिंकलो तरच फी. त्याच हायवेवरून घरी यावं तर मेलबॉक्समधे कार इन्शुरन्सचं रिन्यूअल, प्रीमियम परत वाढलेला. या दोन गोष्टींचं थेट नातं आहे असं गव्हर्नर ब्रायन केम्प यांचं म्हणणं होतं आणि त्यातूनच सिनेट बिल ६८ आलं, त्यावर त्यांनी २१ एप्रिल २०२५ ला सही केली.

तेव्हापासून इथल्या मराठी ग्रुपांवर दोन फॉरवर्ड आलटून पालटून फिरतायत. एकात म्हणे आता प्रीमियम धडाधड खाली येणार, दुसऱ्यात म्हणे आता जॉर्जियात कोणी ठोकलं तर छदाम मिळणार नाही. दोन्ही खोटं. प्रीमियम कमी करा असं कंपन्यांना बजावणारं एकही कलम या कायद्यात नाही, आणि भरपाईच्या रकमेवर वरची मर्यादाही घातलेली नाहीये. मग केलंय काय, तर कोर्टात ज्युरीला, म्हणजे निकाल ठरवायला बसवलेल्या सामान्य नागरिकांना, काय दाखवायचं, काय ऐकवायचं आणि कुठल्या क्रमाने, हे बदललंय. ऐकायला किरकोळ वाटतं पण माझ्या मते सरळ मर्यादा घालण्यापेक्षा हे काम जास्त खोलवर जातं. (मी वकील नाही, हा कायदेशीर सल्ला नाही, केस असेल तर वकील गाठा, हे आधीच सांगून ठेवते.)

आधी मुळापासून. दुसऱ्याच्या चुकीमुळे किंवा निष्काळजीपणामुळे तुम्हाला इजा झाली तर तुम्ही त्याच्यावर दिवाणी दावा लावता. पोलीस केस वेगळी, ती सरकार चालवतं, त्यात शिक्षा होते. दिवाणी दाव्यात पैसे मिळतात आणि ते तीन खात्यांत येतात. पहिलं खातं पावत्यांचं, म्हणजे हॉस्पिटलचं बिल, बुडलेला पगार, पुढचा उपचार. दुसरं खातं वेदनेचं, रात्र रात्र झोप नाही, पूर्वीसारखं चालता येत नाही, मुलाला उचलून घेता येत नाही, याची पावती नसते तरी पैसे मागता येतात. तिसरं खातं दंडाचं, समोरच्याने इतका बेफिकीरपणा केला की त्याला धडा शिकवायला वरून आणखी. भांडण मुख्यतः दुसऱ्या खात्यावरून असतं, कारण तिथे आकडा कुठून आणायचा याला काही कोष्टक नाही. मोठ्या केसमधे १२ सामान्य माणसं, कोणी शिक्षक, कोणी गोडाऊनमधे काम करणारा, कोणी रिटायर्ड, एका खोलीत बसतात आणि ठरवतात.

भारतात हे असं चालत नाही. ज्युरी नाहीच, आणि रस्ता अपघातात माणूस गेला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण वय आणि उत्पन्न बघून गुणक लावतं, म्हणजे मयत ३१ ते ३५ वयाचा असेल तर १६ चा गुणक, २६ ते ३० असेल तर १७ चा. घरच्यांच्या दुःखाचं काय, तर सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०१७ मधे प्रणय सेठी केसमधे आकडेच ठरवून दिले, सहवास गमावल्याचे ४० हजार, अंत्यविधीचे १५ हजार, संपत्तीच्या नुकसानीचे १५ हजार, आणि दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ. हिशोब सरळ, पण रक्कम बघून पोटात कालवतं. अमेरिकेत याच्या बरोबर उलटं, आकडा मोकळा सोडलेला आणि तो कुठवर जाईल सांगता येत नाही. इथल्या बातम्या वाचताना आपल्या लोकांचा गोंधळ होतो तो या फरकामुळे.

वकिलांची फी हा दुसरा भाग. दावा करणारा सहसा खिशातून काही देत नाही, जिंकलं किंवा सेटलमेंट झालं तर वकील त्यातला साधारण तिसरा हिस्सा घेतो, प्रकरण ट्रायलपर्यंत गेलं तर बऱ्याचदा जास्त. यामुळे गरीब माणसालाही चांगला वकील मिळतो हे खरं, आणि यामुळेच वकिलाला होर्डिंग परवडतं हेही खरं.

आता या सगळ्याला आवर घालायचा म्हणून राज्याराज्यांत जे कायदे होतात त्याला इथे टॉर्ट रिफॉर्म म्हणतात. हे काही आजचं नाही. कॅलिफोर्नियात १९७५ साली डॉक्टरांच्या इन्शुरन्सचे प्रीमियम इतके भडकले की काही डॉक्टर काम बंद करून बसले, मग तिथे कायदा आला की डॉक्टरच्या चुकीच्या केसमधे वेदनेच्या खात्यात जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर. गंमत म्हणजे हा आकडा महागाईनुसार वाढवायची सोयच ठेवली नव्हती, त्यामुळे १९७५ चे अडीच लाख २०२२ पर्यंत अडीच लाखच राहिले. शेवटी २०२२ मधे दोन्ही बाजूंनी तडजोड केली, २०२३ पासून साडेतीन लाख, रुग्ण दगावला असेल तर पाच लाख, आणि पुढे दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने साडेसात आणि दहा लाखांपर्यंत. टेक्ससने २००३ मधे अशीच मर्यादा घातली पण हुशारीने, त्याच वर्षी लोकांचं मतदान घेऊन राज्यघटनाच बदलून घेतली, जेमतेम ५१ टक्क्यांनी पास झालं ते. ही घटनेची गोष्ट लक्षात ठेवा, जॉर्जियाचं घोडं नेमकं तिथेच अडलं.

आणि हो, कॉफीची केस. टॉर्ट रिफॉर्मचा विषय निघाला की कोणीतरी काका हमखास सांगणार की एका बाईने अंगावर कॉफी सांडून घेतली आणि मॅकडोनाल्ड्सकडून लाखो उकळले. अल्बुकर्कीला १९९२ मधे घडलेली गोष्ट. आजीबाई ७९ वर्षांच्या, गाडी थांबलेली होती, कॉफी ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान, मांड्या तिसऱ्या डिग्रीपर्यंत भाजल्या, आठ दिवस हॉस्पिटल, त्वचा लावावी लागली. त्यांनी साधारण २० हजार मागितले, कंपनीने ८०० देऊ केले. कोर्टात निघालं की आधीच्या दहा वर्षांत कंपनीकडे अशा ७०० च्या आसपास तक्रारी आल्या होत्या. ज्युरीने १९९४ मधे दोन लाखांची भरपाई ठरवली, त्यातले २० टक्के आजींची स्वतःची चूक म्हणून कापले, आणि वर २७ लाख डॉलर दंड, म्हणजे कंपनीच्या साधारण दोन दिवसांच्या कॉफी विक्रीएवढा. जजने तो दंड लगेच ४ लाख ८० हजारांवर आणला आणि नंतर प्रकरण गुपचूप सेटल झालं. पण लोकांच्या डोक्यात २७ लाखच राहिले. पेपरात छापून येतो तो ज्युरीचा आकडा, हातात पडतो तो वेगळाच.

जॉर्जियात तेच झालं फोर्डच्या केसमधे. २००२ सालचा एफ-२५० पिकअप ट्रक उलटला, छत चेपलं आणि एक जोडपं गेलं, ग्विनेट काउंटीच्या ज्युरीने ऑगस्ट २०२२ मधे १७० कोटी डॉलर दंड ठोठावला. जगभर बातमी. नोव्हेंबर २०२४ मधे वरच्या कोर्टाने तो निकाल रद्द करून परत ट्रायलचा आदेश दिला, ती बातमी किती जणांनी वाचली देव जाणे. पण असे निकाल दाखवूनच अमेरिकन टॉर्ट रिफॉर्म असोसिएशन नावाची, उद्योगांच्या बाजूची संघटना दरवर्षी 'न्यायिक नरक' अशी यादी काढते आणि २०२२ च्या यादीत जॉर्जिया पहिल्या नंबरवर होतं.

मग जॉर्जियाने सरळ मर्यादाच का नाही घातली? घातली होती की. २००५ साली कायदा केला, डॉक्टरच्या चुकीच्या केसमधे वेदनेचे जास्तीत जास्त साडेतीन लाख. मग एका बाईंचा चेहरा कॉस्मेटिक सर्जरीत कायमचा बिघडला, ज्युरीने १ लाख १५ हजार उपचारांचे दिले आणि वेदनेच्या खात्यात त्यांना नऊ लाख, नवऱ्याला अडीच लाख, एकूण १२ लाख ६५ हजार. मर्यादा लावली असती तर त्यातले आठ लाख उडाले असते. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने मार्च २०१० मधे एकमताने सांगितलं की जॉर्जियाच्या घटनेत ज्युरीचा हक्क अबाधित आहे, भरपाई किती हे ठरवणं हा त्या हक्काचाच भाग, तेव्हा विधिमंडळाने ज्युरीचा आकडा कापणं घटनाबाह्य. मर्यादा गेली.

म्हणजे दारातून जाता येत नाही म्हटल्यावर पंधरा वर्षांनी खिडकी शोधली. ज्युरीच्या आकड्याला हात लावायचा नाही, पण आकडा ठरण्याच्या आधी त्या १२ जणांच्या कानावर काय पडतं ते बदलायचं. सिनेट बिल ६८ वाचताना हे डोक्यात ठेवलं की सगळी कलमं एका माळेत बसतात.

एक उदाहरण घेऊ, काल्पनिक. अटलांटाजवळ अल्फारेटाला राहणारे एक काका सिग्नलला थांबलेत, मागून डिलिव्हरी ट्रकने ठोकलं. मणक्याचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलने बिल काढलं ९० हजार डॉलर. इथे राहणाऱ्यांना माहिती आहे की ते बिल म्हणजे नुसता कागद असतो, काकांच्या हेल्थ इन्शुरन्सचा हॉस्पिटलशी आधीच करार असतो आणि प्रत्यक्षात २४ हजारांत मिटतं. जुन्या पद्धतीत ज्युरीला ९० हजारच दिसायचे, इन्शुरन्सने किती भरले हे सांगायला बंदी. आता दोन्ही आकडे दाखवता येतात, बिल किती आणि ते मिटवायला खरोखर किती लागले किंवा लागले असते. काकांकडे इन्शुरन्स होता पण त्यांनी वापरलाच नाही, तरीही. काही डॉक्टर आत्ता उपचार करतात आणि पैसे नंतर केसच्या सेटलमेंटमधून घेतात, वकिलांच्या ओळखीचे असतात बऱ्याचदा, त्यांचे ते करारही आता उघड करावे लागतात.

हे कलम मला पटतं. ज्याचे २४ हजार गेले त्याला ९० हजार का? तरी दुसरी बाजूही ऐका, ती अगदीच फुकाची नाही. काकांनी वर्षानुवर्षं हेल्थ इन्शुरन्सचा प्रीमियम स्वतःच्या पगारातून भरला, त्यामुळे बिल कमी झालं, आणि त्या शहाणपणाचा फायदा मिळतोय कोणाला, तर ठोकणाऱ्या ट्रकच्या कंपनीला. शिवाय वेदनेचा आकडा ठरवताना ज्युरी नकळत बिलाकडे बघून अंदाज बांधते, त्यामुळे बिल लहान दिसलं की दुसरं खातंही आकसतं. कायद्यात हे कुठे लिहिलेलं नाही पण दोन्हीकडच्या वकिलांना पक्कं माहिती आहे.

आता आकडा सुचवण्याची गोष्ट. तुळशीबागेत विक्रेत्याने आधी आठशे म्हटलं की तुम्ही कितीही घासाघीस करा, तुमचं डोकं आठशेच्या आसपासच फिरतं. पूर्वी वकील ट्रायलच्या सुरुवातीपासूनच ज्युरीच्या कानावर आकडे घालायचे, आणि तेही कसे, बेसबॉल खेळाडूला वर्षाला इतके कोटी मिळतात, लढाऊ विमानाची किंमत इतकी असते, मग या माणसाच्या मोडलेल्या मणक्याची किंमत काय? आता वेदनेच्या खात्यातला आकडा सगळे पुरावे संपल्यावरच, शेवटच्या भाषणात काढायचा, तोही पहिल्याच संधीला, म्हणजे समोरच्याचं बोलून झाल्यावर अचानक मोठा आकडा फेकायचा नाही. आणि केसशी संबंध नसलेल्या विमान-खेळाडूंच्या किमती बंद. मला विचाराल तर हेही ठीक आहे. इजा झालेल्याला यात काही गमवावं लागत नाही, गमवावी लागली तर वकिलाला नाटकाची संधी.

पुढचं कलम मात्र मला खटकतं. पूर्वी साधारण एकच ट्रायल चालायची, चूक कोणाची, इजा किती, पैसे किती, सगळं एकत्र. आता कुठल्याही पक्षाने मागितलं तर तुकडे पडतात. पहिल्या टप्प्यात फक्त चूक कोणाची आणि किती टक्के. त्यात दोष ठरला तरच दुसऱ्या टप्प्यात भरपाई, आणि मग गरज पडली तर तिसऱ्यात दंड आणि वकिलांचा खर्च. ज्युरी तीच, जज तोच, लगेच पुढे चालू. दीड लाख डॉलरपेक्षा लहान केस असेल किंवा लैंगिक अत्याचाराची केस असून पीडितेला परत परत साक्ष द्यायचा त्रास होणार असेल तर जज नकार देऊ शकतात.

कागदावर हे स्वच्छ दिसतं, भावनेच्या भरात चूक ठरवू नये म्हणून. पण आपल्या काकांचं बघा. ज्युरी चूक ठरवत असताना त्यांचा वॉकर, त्यांची झोप, त्यांच्या ऑपरेशनचे फोटो हे सगळं बाजूला. समोर फक्त ब्रेकच्या खुणा आणि ट्रकचा डेटा. आणि जॉर्जियात नियम असा की तुमची स्वतःची चूक ५० टक्के किंवा जास्त ठरली तर हातात शून्य, ४९ ठरली तर ५१ टक्के पैसे मिळतात. म्हणजे टक्केवारीतला एक काटा इकडून तिकडे सरकला की सगळं संपतं, आणि तो काटा आता इजा किती झाली हे न ऐकता सरकणार. शिवाय तज्ज्ञ डॉक्टरला कधी बोलवायचं, किती दिवस थांबवायचं, हा खर्च काकांच्या वकिलाचा. मोठ्या ट्रक कंपनीला असा रेंगाळणारा खेळ परवडतो, लहान वकिलाला नाही.

सीट बेल्टचंही तसंच आत आलंय. पूर्वी तुम्ही बेल्ट लावला नव्हता हे ज्युरीला सांगायलाच बंदी होती. आता जजने परवानगी दिली तर सांगता येतं आणि त्यावरून तुमचे पैसे कमी होऊ शकतात. यात मला काही गैर दिसत नाही, बेल्ट लावा की.

आता त्या भागाकडे येते ज्यावरून विधिमंडळात सगळ्यात जास्त खडाजंगी झाली आणि ज्याच्याशी आपल्या लोकांचा खूप जवळचा संबंध आहे. जॉर्जियात कितीतरी मोटेल, गॅस स्टेशन, लिकर स्टोअर देशी लोक चालवतात, गुजराती जास्त, थोडे मराठीही. आणि दुसऱ्या बाजूला आपलीच कितीतरी मुलं शिकायला येऊन स्वस्त अपार्टमेंटमधे राहतात जिथे गेट बंद पडलेलं, पार्किंगमधला दिवा महिनोन्महिने गेलेला. प्रश्न असा की तुमच्या जागेत तिसऱ्याच कोणी गुंडाने ग्राहकाला किंवा भाडेकरूला गोळी घातली, तर जागामालक जबाबदार का?

यातली गाजलेली केस अटलांटाच्या एका सीव्हीएस औषध दुकानाची. २०१२ मधे एक तरुण तिथल्या पार्किंगमधे आयपॅडच्या व्यवहारासाठी कोणाला तरी भेटायला गेला आणि त्याला गोळ्या लागल्या. त्याने दुकानावर दावा लावला, कारण त्या दुकानात आधीही लुटीचे प्रकार झाले होते आणि गार्ड काढून टाकलेला होता. ज्युरीने साडेचार कोटी डॉलर ठरवले. आणि चूक कोणाची किती? दुकानाची ९५ टक्के, गोळी खाणाऱ्याची स्वतःची ५ टक्के. गोळी घालणाऱ्याची? शून्य. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. ५ टक्के वजा जाऊन ४ कोटी २७ लाख ५० हजारांचा निकाल राज्याच्या सुप्रीम कोर्टाने जून २०२३ मधे कायम ठेवला आणि सांगितलं की गुन्हा घडू शकतो हे मालकाला आधी कळायला हवं होतं का, हे सगळी परिस्थिती एकत्र बघून ठरवायचं. या शून्याने व्यापाऱ्यांची झोप उडवली आणि बिल ६८ च्या भाषणांत हे उदाहरण पुन्हा पुन्हा आलं यात नवल नाही.

नवीन कायदा म्हणतो की मालकाला पकडायचं असेल तर ठोस काहीतरी दाखवा. गुन्हा होणार अशी नेमकी सूचना त्याला आधी मिळाली होती, किंवा त्याच जागेत तसाच गुन्हा आधी झाला होता आणि त्याला माहिती होतं, किंवा शेजारच्या जागेत किंवा ५०० यार्डांच्या आत, म्हणजे साडेचारशे मीटरच्या आसपास, तसाच गुन्हा झाला होता आणि त्याला ते माहिती होतं हे नेहमीपेक्षा जास्त भक्कम पुराव्याने सिद्ध करा, किंवा तो विशिष्ट माणूस धोकादायक आहे हे त्याला माहिती होतं. नुसता 'एरिया खराब आहे' हे चालणार नाही. आणि ज्युरीने कोणाची किती टक्के चूक हे ठरवताना गुन्हेगाराचाही हिस्सा धरायचा, मालकाचा हिस्सा गुन्हेगारापेक्षा मोठा निघाला तर ती वाटणी अवाजवी आहे असंच कायदा आधी धरून चालतो, नाही म्हणायचं तर तुम्ही पटवून द्या.

तो ९५-शून्य निकाल बघितला की दुरुस्ती हवी होती हे कोणीही कबूल करेल. पण लंबक पार दुसऱ्या टोकाला गेलाय असं मला वाटतं. 'माहिती होतं' हा शब्द बघा. सगळं गाडं मालकाच्या माहितीवर ठेवलं की माहिती करून न घेणं फायद्याचं ठरतं, पोलिसांचे रिपोर्ट मागवू नका, भाडेकरूंच्या तक्रारी लिहून ठेवू नका. जो मोटेलवाला इमानदारीत रजिस्टर ठेवतो त्याच्याविरुद्ध पुरावा तयार, जो दुर्लक्ष करतो त्याचं काय सिद्ध करणार? आणि गोळी घालणारा बहुतेक वेळा सापडत नाही किंवा सापडला तर खिशात दमडी नसते, त्याच्या नावावर ६० टक्के चूक लिहिली की ते ६० टक्के पैसे हवेत गेले. स्वस्त अपार्टमेंटमधे राहणाऱ्यांनी तेवढ्यासाठी तरी हा भाग समजून घ्यायला हवा. मोटेलवाले मित्र यावर माझ्याशी कडाडून भांडतात, त्यांचंही खोटं नाही, त्यांना तर इन्शुरन्स कंपन्या पॉलिसीच देईनाशा झाल्या होत्या.

बाकी काही कलमं पटकन. पूर्वी दावा करणारा पहिला साक्षीदार उभा राहीपर्यंत केस मागे घेऊन सहा महिन्यांत परत लावू शकायचा, ज्युरी बरी दिसली नाही की काही वकील हा डाव टाकायचे, आता प्रतिवादीचं उत्तर आल्यापासून ६० दिवसांत काय ते ठरवा. वकिलाची फी दोन वेगळ्या कलमांखाली दोनदा वसूल करणं बंद. आणि केस फेटाळा असा अर्ज सुरुवातीलाच आला तर त्याचा निकाल लागेपर्यंत कागदपत्रं मागण्याचं काम बऱ्याच अंशी थांबतं. जोडीला सिनेट बिल ६९ पण आलं, त्यात दुसऱ्यांच्या केसमधे पैसे गुंतवून निकालात हिस्सा घेणाऱ्या कंपन्यांना २०२६ पासून राज्याकडे नोंदणी करावी लागते आणि शत्रू मानलेल्या देशांच्या पैशाला बंदी आहे. अशा गुंतवणुकीचा धंदा चालतो हेच कित्येकांना पहिल्यांदा कळलं.

पास कसं झालं तेही सांगण्यासारखं आहे. केम्प यांनी धमकीच दिली होती, बिल पास करा नाहीतर खास अधिवेशन बोलावतो. तरीही हाउसमधे, म्हणजे राज्याच्या खालच्या सभागृहात, ९१ विरुद्ध ८२, आणि १८० जणांच्या सभागृहात लागतात किमान ९१, म्हणजे एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर बोंबललं असतं. सत्ताधारी रिपब्लिकन पक्षातल्याही काहींनी विरोध केला. विरोध करणाऱ्यांमधे वकील होते तसे मानवी तस्करीतून सुटलेल्या पीडितांच्या बाजूने बोलणारे लोकही होते, कारण ज्या हॉटेलांमधे हे चालतं त्यांच्यावर दावे लावायचा मार्ग अरुंद होईल ही भीती, आणि त्यासाठी बिलात शेवटी सूट घालावी लागली.

आता सगळ्यांचा आवडता प्रश्न, प्रीमियम. फ्लोरिडाने मार्च २०२३ मधे असाच मोठा कायदा केला होता, दावा लावायची मुदत चार वर्षांवरून दोनवर आणली, तुमची चूक ५० टक्क्यांहून जास्त असेल तर काही मिळणार नाही असं केलं. तो लागू व्हायच्या आधी वकिलांनी कोर्टांमधे दाव्यांचा अक्षरशः पाऊस पाडला. नंतर तिथल्या काही मोठ्या कंपन्यांनी कारचे दर खाली आणले हे खरं आहे, आणि सरकार त्याचं श्रेय कायद्याला देतं. पण त्याच काळात गाड्यांच्या आणि पार्टच्या किमतींची कोविडनंतरची चढाई थांबली होती, मग किती श्रेय कोणाचं यावर वाद चालूच आहेत. प्रीमियम ठरतो तो अपघात किती, गाडी दुरुस्तीचा खर्च किती, हॉस्पिटल किती महाग, किती लोक विनाइन्शुरन्स फिरतात या सगळ्यावर, कोर्टाचे निकाल त्यातला एक भाग. जॉर्जियाच्या कायद्यात कंपन्यांवर सक्ती नाहीये, त्यामुळे वाचलेले पैसे तुमच्यापर्यंत येतील की नफ्यात जातील हे स्पर्धेवर आणि राज्याच्या इन्शुरन्स कमिशनरवर सोडलंय. मला विचाराल तर दरवर्षी दोन-तीन कंपन्यांचे कोट काढून बघणारा माणूस या कायद्यापेक्षा जास्त वाचवेल.

आता व्यवहाराचं. कायदा आला म्हणून सगळ्या केसला सगळी कलमं लागत नाहीत. आकडा कधी सुचवायचा, ट्रायलचे तुकडे, हे आधीपासून चालू असलेल्या केसनाही लागतं. पण हॉस्पिटलच्या बिलांचा आणि जागामालकांच्या जबाबदारीचा नवा नियम फक्त २१ एप्रिल २०२५ ला किंवा नंतर घडलेल्या घटनांना. जॉर्जियात इजेचा दावा लावायला साधारण दोन वर्षं मिळतात, म्हणजे त्याआधीच्या अपघातांचे दावे एप्रिल २०२७ पर्यंत येत राहणार आणि त्यांच्या ट्रायल त्याच्याही पुढे चालणार. एकाच कोर्टात, शेजारशेजारच्या दोन खोल्यांत, एका ज्युरीला ९० हजारांचं बिल दिसेल आणि दुसरीला ९० सोबत २४ पण दिसेल. वकिलाकडे गेलात तर तो सगळ्यात आधी तारीख विचारेल, पोलीस रिपोर्टवरची.